आयकेके अडवणाऱ्या तीन कुप्या: बे ११-७०८२, टीपीसीए-१ आणि बीएमएस-३४५५४१

कुठल्याही रसायन पुरवठादाराच्या यादीत ‘आयकेके इन्हिबिटर’, म्हणजे पेशीत दाहाचा संकेत पुढे नेणारा आयकेके हा प्रथिनगट अडवणारं रसायन, शोधा, बे ११-७०८२ पहिल्या दोन-तीन नावांत दिसतं. स्वस्त आहे, लगेच मिळतं, आणि जुन्या शोधनिबंधांत जागोजागी वापरलेलं आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत नवा आलेला विद्यार्थी तेच मागवतो आणि गाईडही फारसं न बघता सही करतात. १० मायक्रोमोलर टाकलं, तासाभराने टीएनएफ (दाहाचा निरोप देणारं प्रथिन) दिला, वेस्टर्न ब्लॉटवर आयकॅपाबी-अल्फाचा (आयकेके ज्याला नष्ट करायला लावतो त्या प्रथिनाचा) बँड हलला नाही, की प्रयोग जमला असं सगळ्यांना वाटतं. बँड खरंच हलत नाही. पण त्याचं कारण लेबलवर लिहिलेलं नसतं.

आयकेके म्हणजे तीन प्रथिनांचा गट. आयकेके-अल्फा (सुमारे ८५ किलोडाल्टन) आणि आयकेके-बीटा (८७) हे दोन कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे (फॉस्फोरिलेट करणारे) एन्झाइम, आणि नेमो (सुमारे ४८) हा स्वतः काहीही फॉस्फोरिलेट न करणारा सांगाती. १९९६ ते १९९८ या दोन वर्षांत हे सगळे तुकडे हाती आले. पेशीतून काढून जेल फिल्ट्रेशन केलं तर हा गट ७०० ते ९०० किलोडाल्टनच्या आसपास उतरतो. नेहमीच्या दाहक संकेतात, म्हणजे टीएनएफ, आयएल-१ किंवा एलपीएस दिल्यावर, मुख्य काम बीटा करतो: आयकॅपाबी-अल्फाच्या सेरीन ३२ आणि ३६ वर फॉस्फेट चढवतो. त्यानंतर युबिक्विटिन या छोट्या खूणप्रथिनाची साखळी लागते, प्रोटिओझोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र ते प्रथिन फस्त करतं, आणि त्याने अडवून धरलेला एनएफ-कॅपा-बी मोकळा होऊन केंद्रकात जातो आणि दाहाची जनुकं चालू करतो.

कुपी निवडताना महत्त्वाचा भाग संकेताच्या याआधीच्या, वरच्या पायऱ्यांत आहे. आयकेके आपोआप चालू होत नाही. टीएनएफ रिसेप्टरपाशी किंवा (आयएल-१ आणि एलपीएससाठी) एमवायडी८८ या प्रथिनाच्या गटापाशी युबिक्विटिनच्या दोन प्रकारच्या साखळ्या बांधल्या जातात: के-६३ जोडाच्या आणि सरळ, म्हणजे एम-१ जोडाच्या. के-६३ साखळीवर टॅब२ आणि टॅब३ ही प्रथिनं बसतात आणि त्यांच्यासोबत टॅक१ कायनेज येतो. सरळ साखळी एलयूबॅक नावाचा गट बनवतो आणि ती नेमो पकडतो. दोघे शेजारी आले की टॅक१ बीटाच्या सेरीन १७७ वर फॉस्फेट ठेवतो, आणि मग बीटा स्वतःच्या १८१ वर स्वतःच ठेवतो. हाच टॅक१ दुसऱ्या बाजूला जेएनके आणि पी३८ या वेगळ्या कायनेजनाही चालना देतो. हा फाटा लक्षात ठेवा, पुढची सगळी परीक्षा त्यावरच आहे.

आता बे ११-७०८२. रेणू छोटा, रेणूभार २०७.२५. एका टोकाला सल्फोन, दुसऱ्या टोकाला नायट्राइल आणि मधे एक दुहेरी बंध. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र दाखवलं तर तो लगेच सांगेल की हा मायकेल अ‍ॅक्सेप्टर आहे, समोर येईल त्या सिस्टीनच्या गंधकाला चिकटणारा. १९९७ मध्ये हा पदार्थ आयकॅपाबी-अल्फाचं फॉस्फोरिलेशन थांबवतो असं दाखवलं गेलं, आणि ते निरीक्षण चुकीचं नव्हतं. चूक झाली ती नंतर, ‘फॉस्फोरिलेशन थांबतं’ याचं ‘आयकेके थांबतो’ असं रूपांतर झालं तेव्हा. २०१३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गटाने शुद्ध केलेल्या आयकेकेवर हा रेणू तपासला. कायनेज बंद पडला नाही. बंद पडले ते साखळ्या बांधणारे एन्झाइम: यूबीसी१३, यूबीसीएच७ आणि एलयूबॅक, तिघेही सिस्टीनवर चालणारे. साखळ्याच बनल्या नाहीत तर टॅक१ ला निरोप पोचत नाही, आणि आयकेके गप्प बसतो. सोबत जेएनके आणि पी३८ सुद्धा.

इतकंच असतं तर ‘वरच्या पायरीचा रोधक’ म्हणून चालवून घेता आलं असतं. पण हाच रेणू टायरोसीन फॉस्फटेज निष्क्रिय करतो, आणि एनएलआरपी३ इन्फ्लमाझोमवर (आयएल-१ बीटा पक्व करणाऱ्या प्रथिनगटावर) थेट परिणाम करतो हे २०१० पासून माहीत आहे. त्यामुळे बे टाकून मॅक्रोफाजमधला आयएल-१ बीटा मोजला तर घट एनएफ-कॅपा-बीमुळे झाली की इन्फ्लमाझोममुळे, हे सांगायला कुठलाच आधार उरत नाही. अशा आलेखावर ‘आयकेके मार्गे’ असं लिहिलेलं दिसलं की परीक्षकाने पेन्सिल उचलावी.

बेचा आकडा प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळा का येतो, याचं कारणही तोच सिस्टीनचा हव्यास आहे. लिम्फोसाइटच्या माध्यमात सवयीने ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घातलेलं असतं. तुमचं बे १० मायक्रोमोलर, म्हणजे पेशीला भेटण्याआधीच पाचपट गंधक त्याची वाट पाहत असतो. आरपीएमआय १६४० मध्ये लिटरला १ मिलिग्रॅम ग्लुटाथायोन असतं, डीएमईएममध्ये नसतं. सीरममधल्या अल्ब्युमिनवरही मोकळा सिस्टीन असतो. म्हणून १० टक्के सीरममध्ये ‘काहीच होत नाही’ आणि अर्ध्या टक्क्यात ‘सगळ्या पेशी मेल्या’ असे दोन्ही निकाल एकाच कुपीतून मिळतात. शिवाय बंध पक्का असल्याने माध्यम बदलून परिणाम धुऊन काढता येत नाही.

हीच गत करक्युमिनची. तेही मायकेल अ‍ॅक्सेप्टर, तेही ‘आयकेके रोधक’ म्हणून मिरवलेलं, आणि तेही जवळपास प्रत्येक चाचणीत काही ना काही करून दाखवणारं. सांगलीची हळद आमटीत असू द्या, कंट्रोल म्हणून नको.

खात्री करून घ्यायची असेल तर चाचणी सोपी आहे. १० मिलिमोलर बेचा डीएमएसओ या विद्रावकातला स्टॉक पीबीएस बफरमध्ये दहापट विरळ करा, त्यात २ मिलिमोलर होईल एवढं डीटीटी (मोकळे गंधक असलेला रेणू) घाला, अर्धा तास ठेवा, मग माध्यमात शंभरपट विरळ करून पेशींवर टाका. पेशींवर १० मायक्रोमोलर बे आणि २० मायक्रोमोलर डीटीटी येईल, डीएमएसओ ०.१ टक्का राहील. सोबत फक्त डीटीटीचा आणि डीटीटीविना बेचा, असे प्लेटचे दोन खड्डे (वेल) लावा. डीटीटी मिसळल्यावर परिणाम गायब झाला, तर तुम्ही कायनेज नव्हे तर गंधक मोजत होतात.

टीपीसीए-१ वेगळ्या जातीचं आहे. रेणूभार २७९.२९, थायोफीनच्या कड्यावर बांधलेला. हा खरोखर कायनेजच्या एटीपीच्या खोबणीत बसतो. शुद्ध एन्झाइमवर आयकेके-बीटासाठी अर्धरोध मात्रा (काम निम्म्यावर आणणारी) १७.९ नॅनोमोलर, अल्फासाठी ४०० च्या घरात, म्हणजे साधारण बावीसपट फरक. मानवी मोनोसाइटना एलपीएस दिल्यावर टीएनएफ, आयएल-६ आणि आयएल-८ निम्म्यावर यायला १७० ते ३२० नॅनोमोलर लागतं. एन्झाइमपेक्षा पेशीत दहा ते अठरापट जास्त का? कारण परीक्षानळीत एटीपी मायक्रोमोलरमध्ये घालतात, पेशीत ते मिलिमोलरमध्ये असतं आणि खोबणीसाठी त्याच्याशी चढाओढ करावी लागते. लेबलवरचे १७.९ वाचून पेशींवर २० नॅनोमोलर टाकणारे दर वर्षी भेटतात, आणि ‘माल खराब आहे’ म्हणून पुरवठादाराला पत्रं जातात. माल ठीक असतो.

सुरुवात ०.३, १ आणि ३ मायक्रोमोलर अशी करा. बहुतेक पेशींत १ मायक्रोमोलरला आयकॅपाबी-अल्फाचं फॉस्फोरिलेशन स्पष्ट कमी होतं. ५ च्या वर जाण्यात फायदा नाही, कारण टीपीसीए-१ ची दुसरी बाजू तिथे वाढत जाते: हा एसटीएटी३ या आयएल-६ चा संकेत नेणाऱ्या प्रथिनालाही दाबतो. तो संकेत तुमच्या प्रश्नात असेल तर ही गोष्ट क्षुल्लक नाही. फॉस्फो-एसटीएटी३ (टायरोसीन ७०५ वर फॉस्फेट असलेल्या रूपा) चा एक वेस्टर्न सोबत असलाच पाहिजे. पाण्यात हा विरघळत नाही. डीएमएसओचा स्टॉक थंड माध्यमात एकदम ओतला तर बारीक कण पडतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मधे सुयांसारखे दिसतात. माध्यम ३७ अंशांवर असू द्या, वेगळ्या नळीत आधी विरळ करा, ढवळत टाका.

बीएमएस-३४५५४१ ची ताकद कागदावर कमी: बीटासाठी ०.३ मायक्रोमोलर, अल्फासाठी ४. पेशीत आयकॅपाबी-अल्फाचं फॉस्फोरिलेशन निम्मं करायला ४ मायक्रोमोलरच्या आसपास. तरीही प्रत्येक फ्रीझरमध्ये याची कुपी असावी, कारण हा एटीपीच्या खोबणीत बसत नाही, दुसऱ्याच जागी बसून कायनेजचा आकार बदलतो. टीपीसीए-१ आणि हा, दोघांची रचना वेगळी आणि बसायची जागाही वेगळी. दोघांनी एकच निकाल दिला तर तो आयकेकेचा असण्याची शक्यता चांगली. एकाने दिला आणि दुसऱ्याने नाही, तर तो निकाल त्या रेणूचा, मार्गाचा नव्हे. १० मायक्रोमोलरच्या पुढे मात्र याच्यावरही भरवसा ठेवू नये. एक सोय अशी की हायड्रोक्लोराइड मीठ घेतलं तर पाण्यातही विरघळतं, त्यामुळे डीएमएसओ न सोसणाऱ्या पेशींना बरं. मागवताना मीठ की मोकळा बेस ते नीट बघा: हायड्रोक्लोराइडचा रेणूभार २९१.८, मोकळ्या बेसचा २५५.३. ही गफलत झाली तर सगळ्या मात्रा साधारण सातव्या हिश्शाने चुकतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

याशिवाय बीआय६०५९०६ आहे, निवडकतेत या दोघांपेक्षा सरस. बीटासाठी अर्धरोध मात्रा ३८० नॅनोमोलर, पेशींवर ५ ते १० मायक्रोमोलर लागतं. पैसे असतील तर हाही घ्या. नेमोला चिकटणाऱ्या टोकाची नक्कल करणारा पेप्टाइडही मिळतो. कायनेजच्या शेपटीतली ल्युसीन-अ‍ॅस्पार्टेट-ट्रिप्टोफॅन-सेरीन-ट्रिप्टोफॅन-ल्युसीन ही सहा अमिनो आम्लं नेमोला धरतात, आणि पेप्टाइड तीच जागा अडवतो. कल्पना सुंदर, पण मात्रा ५० ते २०० मायक्रोमोलर, त्यामुळे खर्च डोळ्यांत पाणी आणतो. घ्यायचाच तर दोन्ही ट्रिप्टोफॅनच्या जागी अ‍ॅलानीन असलेला निष्क्रिय जोडीदारही घ्यावा लागतो. एकटा पेप्टाइड विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

तीनही कुप्या एका दिवसात पारखायच्या तर असं करा. हीला पेशी सहा खड्ड्यांच्या प्लेटांमध्ये, ८० टक्के भरलेल्या. स्टॉक सगळे १० मिलिमोलर: ५ मिलिग्रॅम बेसाठी २.४१ मिलिलिटर डीएमएसओ, टीपीसीए-१ साठी १.७९, बीएमएसच्या हायड्रोक्लोराइडसाठी १.७१. पेशींवर बे १०, टीपीसीए-१ १, बीएमएस ५ मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ सगळीकडे सारखा ०.१ टक्का राहील असा भरून काढायचा. एक तास थांबा. मग मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम टीएनएफ, आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांना पेशी बर्फावर आणून लगेच विरघळवा. प्लेटांच्या दुसऱ्या संचात टीएनएफऐवजी आयएल-१ बीटा वापरा, त्यात बेचा स्वभाव जास्त स्पष्ट दिसतो.

लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड, १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट आणि बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट हवंच. प्रोटिएज रोधकाची एक गोळी टाकून भागत नाही. युबिक्विटिनच्या साखळ्याही बघायच्या असतील तर १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलेइमाइड घाला, म्हणजे साखळ्या तोडणारे एन्झाइम थांबतील. त्या नळीत मात्र डीटीटी जाता कामा नये, दोघे एकमेकांना संपवतात. फॉस्फो-अँटिबॉडीसाठी पडदा दुधात बुडवू नका, कारण केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) वापरा.

बघायच्या गोष्टी चार: फॉस्फो-आयकॅपाबी-अल्फा, एकूण आयकॅपाबी-अल्फा (३९ किलोडाल्टनच्या आसपास), फॉस्फो-जेएनके आणि फॉस्फो-पी३८. पहिल्या दोन ओळींत तिन्ही कुप्या सारख्याच गुणी दिसतील. फरक पडतो तो खालच्या दोन ओळींत. टीपीसीए-१ आणि बीएमएसने जेएनके आणि पी३८ कमी होता कामा नयेत, कारण आयकेके त्या फाट्यावर नाही. बेने आयएल-१ च्या प्लेटमध्ये ते कमी होतात. ही एक प्लेट लावायचा कंटाळा केल्यामुळे कित्येक प्रबंधांतली तिसरी आकृती निरर्थक झाली आहे. एक सावधगिरी: मॅक्रोफाजमध्ये एलपीएस दिल्यावर अस्सल आयकेके रोधकानेही फॉस्फो-ईआरके (आणखी एक कायनेज) कमी होतं. तिथे आयकेके-बीटा पी१०५ या प्रथिनाला फॉस्फोरिलेट करून टीपीएल२ कायनेज मोकळा करतो आणि तोच पुढे ईआरकेकडे जातो. ते कुपीचं पाप नाही.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक वेळेची आहे. आयकॅपाबी-अल्फाचं जनुक स्वतः एनएफ-कॅपा-बीच्या हुकमावर चालतं. टीएनएफनंतर १५ मिनिटांत प्रथिन नाहीसं होतं, तासाभरात नवं बनून परत येतं. फक्त ६० मिनिटांचा नमुना घेतला तर रोधक दिलेली आणि न दिलेली पेशी सारखीच दिसते, आणि ‘रोधक चालला नाही’ असा निष्कर्ष निघतो. ५ आणि १५ हे दोन नमुने कधीही गाळू नका.

दुसरी चूक फॉस्फो-बँड न दिसण्याची. फॉस्फेट चढलेलं आयकॅपाबी-अल्फा काही मिनिटांतच प्रोटिओझोममध्ये जातं, त्यामुळे टीएनएफच्या खड्ड्यातही बँड फिका येतो आणि रोधकाच्या खड्ड्याशी तुलनाच होत नाही. प्रोटिओझोम अडवणारं एमजी-१३२, १० मायक्रोमोलर, टीएनएफच्या अर्धा तास आधी द्या. बँड साचतो आणि ठळक होतो. यातून आणखी एक गोष्ट कळते: रोधक फॉस्फोरिलेशन अडवतो की फक्त विघटन. एकूण आयकॅपाबी-अल्फा टिकून राहणं हा आयकेके अडल्याचा पुरावा नाही, एमजी-१३२ सुद्धा तेच करून दाखवतं.

फॉस्फो-आयकेकेच्या अँटिबॉडीवर रोधकाची परीक्षा करणारे तिसऱ्या खड्ड्यात पडतात. टीपीसीए-१ कायनेजचं काम थांबवतो, पण त्याच्यावर टॅक१ ने ठेवलेलं १७७ चं फॉस्फेट तसंच राहतं. अँटिबॉडी कुठला सेरीन ओळखते त्यावर बँड पडेल की राहील ते ठरतं. कायनेज अडला का, हे त्याच्या सब्स्ट्रेटवर, म्हणजे आयकॅपाबी-अल्फावर बघावं.

आणि मरणाऱ्या पेशी. टीएनएफसोबत रोधक सहा तासांपेक्षा जास्त ठेवला की अनेक पेशी गळायला लागतात, आणि कुपी विषारी ठरवली जाते. टीपीसीए-१ किंवा बीएमएसच्या बाबतीत हा बहुधा लक्ष्यावरचाच परिणाम असतो: एनएफ-कॅपा-बी नसेल तर सीफ्लिपसारखी जगवणारी प्रथिनं बनत नाहीत, शिवाय आयकेके आरआयपीके१ या कायनेजच्या सेरीन २५ वर फॉस्फेट ठेवून त्याला मारेकरी होऊ देत नाही, तो लगामही सुटतो. आयकेके-बीटा नसलेले उंदराचे भ्रूण यकृतातल्या पेशी मरून गर्भातच दगावतात, त्यामागे हेच टीएनएफ आहे. तपासायला एक खड्डा टीएनएफविना, फक्त रोधकाचा ठेवा. त्यातही पेशी मरत असतील तर दोष कुपीचा. झेडव्हॅड (कॅस्पेज अडवणारं रसायन) २० मायक्रोमोलर टाकून मरण थांबवायला जाल तर आधी पेशी कुठल्या ते बघा. एल-९२९ किंवा एचटी-२९ मध्ये आरआयपीके३ आहे, तिथे झेडव्हॅडने मरण थांबत नाही, नेक्रोप्टोसिस या दुसऱ्या प्रकारच्या मरणाकडे वळतं. सोबत आरआयपीके१ अडवणारं नेक्रोस्टॅटिन-१एस लागेल.

यातला कुठलाही रेणू औषध म्हणून बघू नये. आयकेके-बीटाचा एकही निवडक रोधक आजवर रुग्णांसाठी मंजूर झालेला नाही. त्यामागे वरची यकृताची भीती आहेच, आणि शिवाय मॅक्रोफाजमध्ये आयकेके-बीटा दीर्घकाळ दाबला तर एलपीएसनंतर आयएल-१ बीटा उलट वाढतो, हे २००७ पासून उंदरांमध्ये दिसलं आहे.

खरेदीचं म्हणाल तर टीपीसीए-१ चे ५ मिलिग्रॅम आणि बीएमएसच्या हायड्रोक्लोराइडचे ५ मिलिग्रॅम एका वेळी मागवा. १ मायक्रोमोलरने काम करणारा टीपीसीए-१ चा तो स्टॉक जवळजवळ १८ लिटर माध्यमाला पुरतो, त्यामुळे २५ मिलिग्रॅमची स्वस्त पडणारी कुपी घेण्याचा मोह टाळा, ती फ्रीझरमध्ये म्हातारी होते. डीएमएसओ कोरडा, नव्या बाटलीतला वापरा. २० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० वर ठेवा, एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका. नेमो नसलेल्या पेशी मिळत असतील तर एक कुपी कमी घ्या पण त्या आणा: त्यांच्यातही तुमचा रोधक परिणाम दाखवत असेल तर तो आयकेके मार्गे नाही. आणि फ्रीझरच्या कोपऱ्यात बेची जुनी कुपी असेल तर फेकू नका, लेबलवर ‘आयकेके’ खोडून ‘सिस्टीनला चिकटतं’ असं लिहा आणि डीटीटीच्या चाचणीसाठी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवा.